उन्हाळी पदभ्रमंतीसाठी किल्ट: जाड लोकर, हलकी लोकर की नायलॉन?

स्कॉटलंडमधील ग्लासगोजवळच्या मलगायपासून (इंग्रजीत Milngavie असे लिहितात, पण उच्चार हाच) फोर्ट विल्यमपर्यंत जाणारी वेस्ट हायलँड वे ही १५४ किलोमीटरची पायवाट जून-जुलैत किल्ट, म्हणजे स्कॉटिश पुरुषांचा गुडघ्यापर्यंतचा निऱ्यांचा घागरा, नेसून चालावी असे ज्याच्या मनात आहे, त्याने आधी एक गोष्ट ध्यानात घ्यावी: किल्टचा गारवा पुढे असतो आणि ऊब मागे. समोरचे दोन पदर सपाट असतात आणि निऱ्या सगळ्या मागे, म्हणजे साडीच्या नेमक्या उलट. पायांना वारा लागतो हे खरे, पण कमरेच्या मागच्या बाजूला कापडाचे थरावर थर बसतात आणि पाठपिशवीचा कमरपट्टा येऊन टेकतो तोही तिथेच. म्हणून कापड कोणते, याइतकेच ते किती, हेही पाहावे लागते.

पारंपरिक किल्टला सुमारे आठ यार्ड, म्हणजे सात मीटरांहून अधिक लोकरी कापड लागते, आणि ते १६ औंसी, म्हणजे जाड लोकरीचे, असेल तर अंगावर जवळजवळ दोन किलोंचे ओझे येते. त्याचे गुण नाकारता येत नाहीत. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ ३० टक्के ओलावा शोषूनही अंगाला चिकचिकीत लागत नाही, घामाचा वास लवकर धरत नाही, आणि कड्यावरच्या वाऱ्यात जड घेर जागचा हलत नाही. परंतु हा किल्ट बेंबीच्या उंचीवर नेसायचा असतो आणि त्याचे चामडी पट्टे व बकले दोन्ही बाजूंना येतात. मी एकदा असाच भाड्याचा किल्ट नेसून ड्रिमेनहून कॉनिक हिल चढलो. बालमाहाला उतरून पिशवी काढली, तेव्हा उजव्या बाजूला बकलाचा चौकोनी ठसा लाल होऊन उमटला होता आणि पाठीमागच्या निऱ्या पिळून काढाव्यात इतक्या ओल्या होत्या. ज्याला एका दिवसाची फेरी पाठीवर काही न घेता करायची आहे, त्यालाच हा पर्याय मी सुचवीन.

चार यार्डांचा, ११ औंसांच्या आसपासच्या हलक्या लोकरीचा, बॉक्स प्लीटचा (चपट्या चौकोनी निऱ्यांचा) किल्ट ही माझी पहिली पसंती आहे. कापड निम्मे, म्हणून मागचे थरही कमी. पट्ट्याखाली निऱ्या सपाट बसतात, आणि लोकरीचा न चिकटण्याचा गुण कायम राहतो. अडचण धुण्याची आहे. तो वाटेवरच्या वसतिगृहात नळाखाली धरून चालत नाही, कारण निऱ्या मोडल्या की पुन्हा टाके घालून इस्त्री करावी लागते.

पॉलिस्टर-व्हिस्कोसचा किल्ट स्वस्त असतो आणि यंत्रात धुता येतो, पण उन्हात तो लोकरीपेक्षा कोंदट वाटतो. जाड सुती कॅनव्हासचे, खिसेवाले किल्ट शहरात झकास दिसतात; मात्र एका सरीत भिजले की वाळता वाळत नाहीत आणि ओली कड गुडघ्यामागे घासत राहते. हायलँड्समध्ये सरीचा नेम नाही, तेव्हा सुती किल्ट घरीच ठेवलेला बरा.

नायलॉनचा खास भटकंतीसाठी शिवलेला किल्ट वजनाला अगदी हलका असतो, कमरेला जरा खाली बसतो आणि बहुधा बकलांऐवजी त्याला चिकटपट्टी (वेल्क्रो) किंवा बटणे असतात. रात्री धुऊन टांगला की सकाळपर्यंत वाळतो. सात-आठ दिवस सलग चालणाऱ्याने लोकरीचा मोह सोडून हाच घ्यावा, हे मी थोडे नाखुशीने लिहितो आहे, कारण दिसायला तो साधा स्कर्टच दिसतो. शिवाय तो वाऱ्यावर उडतो. रॅनॉक मूरसारख्या उघड्या माळावर एक हात घेर सावरण्यातच गुंतला, तर हलकेपणाचा उपयोग काय? घेराच्या कडेला आतून वजन शिवलेले असेल किंवा पुढच्या पदराला बटण असेल, असाच नग पाहून घ्यावा.

पायांचा प्रश्न मात्र सर्वच किल्टना सारखा आहे. लोमंड सरोवराच्या काठचे नेचे उन्हाळ्यात पायवाटेवर ओणवे होतात आणि त्यांवरच्या गोचिड्यांमधून लाइम रोगाची लागण होऊ शकते. गुडघ्यापर्यंतचे मोजे गरम होतात, तरी या टप्प्यात ते वर ओढावेत आणि मुक्कामी पोहोचल्यावर मांड्यांपर्यंत नीट तपासणी करावी. वारा पडलेल्या संध्याकाळी मिज नावाच्या चावऱ्या चिलटांचे थवे उठतात, तेव्हा उघड्या गुडघ्यांना औषध चोळावे. गुडघ्यांच्या मागची बाजू उन्हाने भाजते, हे तर पुष्कळांच्या रात्री झोपतानाच लक्षात येते.

आत काय घालायचे याविषयी विनोद पुष्कळ आहेत, पण चढावर मांडीला मांडी घासू लागली की ते आठवत नाहीत. सायकलस्वार घालतात तशी तंग, पातळ, गादी नसलेली अर्धी चड्डी आत असावी, आणि ती एक वापरात व एक वाळत अशी जोडीने न्यावी.