हेली-हेलीच्या जखमा आणि ‘मुळापासून बरं’ करणाऱ्या पुड्या

नागपुरातल्या एका घरात काका, वडील आणि मोठी मुलगी, तिघांनाही दर उन्हाळ्यात काखेत नि जांघेत फोड यायचे. ते फुटले की ओल्या, चिरा पडलेल्या, वास येणाऱ्या जखमा उरायच्या. औषध दुकानदाराने नायटा समजून मलम दिलं. पुढे पिढीजात रोग मुळापासून काढणारा एकजण भेटला. सहा महिन्यांच्या पुड्या, माणशी १८,००० रुपये, रोख, पावती नाही. धाकट्या दहा वर्षांच्या मुलालाही ‘आधीच बंदोबस्त’ म्हणून अर्धा डोस.

हा हेली-हेली रोग. अमेरिकेतल्या दोन हेली बंधूंनी १९३९ मध्ये त्याचं वर्णन केलं. एका जनुकातल्या दोषामुळे पेशींमधला कॅल्शियमचा पंप नीट चालत नाही, त्वचेच्या पेशी एकमेकींना धरून राहत नाहीत आणि घाम, उष्णता, घर्षण मिळालं की सुटतात. तो संसर्गजन्य नाही. आई किंवा वडिलांना असेल तर प्रत्येक अपत्याला निम्मी शक्यता. कायमचा इलाज आज नाही.

पुडीवाल्याचा धंदा रोगाच्या या स्वभावावरच चालतो. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या सर्वात तापत्या दिवसांत, सुरू केलेला कोर्स संपेपर्यंत थंडी पडते आणि जखमा पुष्कळदा आपोआप वाळतात. रोग बहुधा विशी ते चाळिशीत दिसू लागतो, त्यामुळे दहा वर्षांच्या पोराला काही झालं नाही, हा पुडीचा पुरावाच नव्हे. लहान मुलाला असं औषध देणं हा यातला सगळ्यात वाईट भाग.

पुडीने चार दिवसांत जखम सुकली तर आधी तिच्यात स्टेरॉइड मिसळल्याची शंका घ्या. या घरात वडिलांचा चेहरा सुजला, साखर चढली. पुड्या एकदम बंद केल्या तेव्हा उलट्या, गळाठा, रक्तदाब खाली. महिनोन्‌महिने बाहेरून स्टेरॉइड मिळालं की शरीर स्वतःचं बनवणं कमी करतं; म्हणून पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा, त्या सांगतील तशीच सोडा. शरीर स्वतःचं किती बनवतंय हे पाहायला सकाळी ८ च्या सुमारास रक्तातलं कॉर्टिसोल, म्हणजे शरीरातलं नैसर्गिक स्टेरॉइड, तपासतात.

निदानाला नागपुरातल्या मेडिकल, मेयो किंवा एम्स या सरकारी रुग्णालयांचा त्वचारोग विभाग गाठा. ३-४ मिलिमीटरचा तुकडा काढून बायोप्सी होते. असेच फोड आणणारा पेम्फिगस हा वेगळा आजार नाही ना, हे पाहायला जखमेशेजारच्या त्वचेचा दुसरा तुकडा लागतो. तो फॉर्मलिनमध्ये (नेहमीच्या बायोप्सीचा तुकडा ठेवतात त्या द्रवात) टाकला की तपासणी वाया जाते, म्हणून तो कशात ठेवणार हे आधीच विचारून घ्या. घरातल्या आणखी कोणाला असा त्रास आहे ते डॉक्टरांना आवर्जून सांगा, लाजेपायी हेच लपवलं जातं. सैल सुती कपडे, घडीतली जागा कोरडी ठेवणं आणि जंतुसंसर्ग झाला की लगेच उपचार, एवढ्यानेही उन्हाळा बराच सुसह्य होतो.

पुडीवर उत्पादन परवाना, बॅच क्रमांक, घटक नसतील तर घेऊ नका. घेतली असेल तर उरलेल्या पुड्या, जाहिरात, पैसे दिल्याचे मेसेज जपून ठेवा आणि अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार करा. औषधाबद्दल खोटा दावा करणारी जाहिरात १९५४ च्या कायद्याने गुन्हा आहे. न उघडलेल्या दोन-तीन पुड्या तरी फेकू नका, तपासणीला त्याच लागतात.