दुकानाच्या नावाचा माल: पाडव्यापासून गणपतीपर्यंतचा हिशेब

पोह्यांचा लगदा झाला नसता तर हे लिहायला बसलेच नसते. रविवारची सकाळ, घरात पाहुणे, फोडणी तयार, आणि रोळीत निथळत ठेवलेले जाड पोहे बघते तर सगळे एकमेकांना धरून बसलेले. हात तोच, रोळी तीच, पाणी नेहमीएवढंच. आदल्या महिन्यात याच, दुकानाच्या स्वतःच्या ब्रँडच्या पाकिटातले पोहे इतके मोकळे झाले होते की मी ते शेजारणींना सुचवूनही बसले होते. त्यामुळे राग पोह्यांच्या पैशांचा कमी आणि गेलेल्या अब्रूचा जास्त होता.

संध्याकाळी उरलेलं पाकीट आणि बिल घेऊन दुकानात गेले. दुकान म्हणजे ठाण्यातलं एक मोठं सुपरमार्केट. नाव लिहीत नाही. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "ताई, फोडलेलं पाकीट परत घेत नाही." मी म्हटलं, "न फोडता पोहे वाईट निघाले हे कळायचं कसं, ते सांग." त्याच्याकडे उत्तर नव्हतं म्हणून त्याने मॅनेजरला बोलावलं. मॅनेजर म्हणाला, "मॅडम, जास्त भिजवले असतील." लग्नाआधीपासून पोहे करणाऱ्या बाईला हे ऐकवायचं! मग जे व्हायचं ते झालं. मागे रांग वाढत गेली, रांगेतल्या एका आजोबांनी माझी बाजू घेतली, आणि शेवटी पैसे नाहीत पण बदली पाकीट मिळालं.

ते बदली पाकीट उत्तम निघालं. नाव तेच, वजन तेच, छापील किंमत तीच, पुढचं चित्रही तेच. तेव्हा पहिल्यांदा दोन्ही पाकिटं उलटी करून शेजारी ठेवली आणि चष्मा लावून मागचा मजकूर वाचला.

थोडं मागचं सांगते. पाडव्याला ठरवलं होतं की वाणसामानात जिथे जिथे दुकानाचा स्वतःचा ब्रँड मिळेल तिथे तोच घ्यायचा आणि गणपतीपर्यंत बघायचं. कारण उघड आहे, पैसे. जाहिरातींचा खर्च नाही, मधल्या वितरकाचं कमिशन नाही, म्हणून तोच माल स्वस्त पडतो हे आता सगळ्यांना माहीत आहे. बिननावाच्या पिशव्यांची मला भीतीही नव्हती. माहेरी मुंबई ग्राहक पंचायतीचा संघ होता. १९७५ पासून चाललेली ती चळवळ. महिन्याचा माल एका घरी यायचा, सगळ्या बायका मिळून वाटून घ्यायच्या आणि पिशवीवर कुठल्या नटीचा फोटो नाही म्हणून कुणाचं अडलं नाही. घरी नवऱ्याची अट एकच होती, चहाला हात लावायचा नाही. ती मी मोडली. त्यावर पुढे येते.

तर पाकिटाची मागची बाजू. वर मोठ्या अक्षरांत दुकानाच्या कंपनीचं नाव, 'मार्केटेड बाय' म्हणून. त्याखाली मुंगीएवढ्या अक्षरांत तीन वेगवेगळे पत्ते, त्यांना ए, बी, सी अशी अक्षरं, आणि एक ओळ: माल कुठल्या युनिटचा आहे हे बॅच नंबरच्या पहिल्या अक्षरावरून ओळखावे. लगदा झालेलं पाकीट सी होतं. बदली मिळालेलं ए. स्वयंपाकघरातल्या जुन्या पाकिटांची मी कात्रीने कापून कुंडीखाली घालायला ठेवलेली थप्पी होती, त्यात मागच्या महिन्याचं पाकीट सापडलं. तेही ए.

म्हणजे आपण ज्याला ब्रँड म्हणतो ते एक चित्र आहे. दुकानाची पोह्यांची गिरणी नसते. साळ भिजवायची, भाजायची आणि चपटी करायची, हे काम ज्याचं त्याच्या भट्टीवर वेगळं होतं. साळीची जात, भिजवणीचा वेळ, आच आणि दाब यांतलं काहीही हललं की पोहा पाणी वेगळं पितो. आपल्याला पोहे म्हटलं की पेण आठवतं, पण नवसारीला आणि छत्तीसगडमधल्या भाटापाऱ्यालाही पोह्यांच्या गिरण्या मोठ्या संख्येने आहेत, आणि सगळीकडचा जाड पोहा सारखा नसतो. दुकान तो एकाच पिशवीत घालून एकाच नावाने विकतं. मग 'यांचे पोहे चांगले' हे वाक्यच अर्धवट राहतं.

या शोधानंतर मी जरा जास्तच उत्साहात आले आणि आधी नापास केलेल्या सगळ्या वस्तू नव्याने तपासल्या. पहिली तूरडाळ. मे महिन्यात आणलेली डाळ कुकरच्या नेहमीच्या शिट्ट्यांत शिजली नव्हती. वरणात कणी राहिली आणि सासूबाईंनी ताट बाजूला सारताना काही बोलल्या नाहीत, म्हणजे काय ते समजा. मला वाटलं, हीसुद्धा सी असणार. पण पाकीट बघितलं तर ए, आणि नंतर आणलेली, छान शिजलेली डाळसुद्धा ए. म्हणजे सिद्धांत इथे आडवा. डाळ जुनी झाली की शिजायला वेळ घेते, आणि पाकिटावर तारीख असते ती पॅकिंगची. गिरणीत डाळ कधी भरडली आणि ती त्याआधी पोत्यात किती दिवस होती हे कुठेच लिहिलेलं नसतं. तूरडाळ मी पुन्हा वाण्याकडून सुटी घ्यायला लागले. तो अकोल्याची देतो, मूठभर घरी नेऊन शिजवून बघा म्हणतो, आणि सुट्या डाळीवर जीएसटी नाही. १८ जुलै २०२२ पासून पंचवीस किलोपर्यंतच्या पाकीटबंद, लेबल लावलेल्या डाळ-तांदळावर पाच टक्के बसतो, मग तो नावाजलेला ब्रँड असो नाहीतर दुकानाचा. डाळीत दुकानाच्या ब्रँडची जी काही बचत होती ती अशी वाण्याकडे बरोबरीत सुटली.

आता रवा, आणि रव्याच्या निमित्ताने ती झिप.

झिपबद्दल मी घरात इतकं बोलले आहे की मुलगी आता 'झिप' शब्द ऐकला की खोलीतून निघून जाते. पण ऐकाच. रवा, बेसन, साबुदाणा, शेंगदाणे, या सगळ्या पाकिटांवर दुकानाने अभिमानाने छापलंय की पाकीट पुन्हा बंद करता येतं. झिप आहे, खरी आहे, दणकट आहे. पण पाकीट फाडायची खाच, ती बाजूची बारीकशी चीर, झिपच्या खाली दिली आहे. खाली! खाचेपासून फाडलं की वरची पट्टी झिपसकट हातात येते आणि पाकीट कायमचं उघडं पडतं. कुणीतरी या झिपसाठी पैसे मोजलेत, ती बसवणारं मशीन आणलंय, आणि शेवटी खाच कुठे पाडायची हे सांगायला माणूस मिळाला नाही. ठाण्याच्या पावसाळ्यात उघडा रवा म्हणजे आठवड्यात जाळी आणि पोरकिडे. मी कात्रीने झिपच्याही वर कापायला लागले तर रव्याची पूड झिपच्या खोबणीत बसते आणि झिप लागतच नाही. ब्रशने साफ केलं. नवरा म्हणाला, रवा डब्यात का ओतत नाहीस? ओततेच. वर्षानुवर्षं डब्यातच ओतत आले. पण झिपचे पैसे घेतलेत ना माझ्याकडून? मग ती चाललीच पाहिजे.

रव्याचा दर्जा म्हणाल तर बारीक रवा सुरेख. शिरा, उपमा, दोन्ही चोख. झिपमुळे एक गुण कापते आहे.

बाकीच्या वस्तू भराभर सांगते. फरशी पुसायचं द्रव्य: काम करतं, वास डोक्यात जातो, बादलीत अर्ध झाकण पुरे. अ‍ॅल्युमिनियम फॉइल: पोळी गुंडाळताना फाटते, घेऊ नका. मोहरी, जिरं, धणे: काही फरक कळला नाही, आणि इथेच सगळ्यात जास्त पैसे वाचतात, कारण नावाजलेल्या मसाल्यांच्या छोट्या पुड्यांचे भाव अचाट असतात. गोडा मसाला घरचाच, तो या परीक्षेत बसवला नाही. टोमॅटो केचप मुलीने नाकारलं, जास्त गोड म्हणून. बाटली उलटी करून घटक वाचले. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात, त्यामुळे पहिले दोन शब्द वाचले तरी पुष्कळ कळतं. आमच्या नेहमीच्या बाटलीवरही साखर फार मागे नव्हती, पण मुलीला हे पटवण्यात अर्थ नाही.

अंगाच्या साबणाने मात्र चकित केलं. चार वड्यांचा गठ्ठा, पांढरा, मंद वासाचा, रंगरूप सरकारी इस्पितळातल्यासारखं. वेष्टनावर 'टॉयलेट सोप, ग्रेड १, टीएफएम ७६ टक्के' असं लिहिलेलं. टीएफएम म्हणजे साबणातला स्निग्धाम्लांचा भाग. भारतीय मानकात पहिल्या प्रतीला किमान ७६ लागतो, दुसरीला ७०, तिसरीला ६०. आम्ही इतकी वर्षं ज्या फेसाळ, रंगीत वडीला भुललो होतो तिचं वेष्टन काढून बघितलं तर ती साबणच नाही, 'बेदिंग बार' आहे. बेदिंग बारला ४० टक्केसुद्धा चालतात. दुकानाची वडी तिच्यापेक्षा स्वस्त, मोरीत ठेवली तरी मऊ पडत नाही, आणि जास्त दिवस पुरते. सासूबाईंची कोपरं हिवाळ्यात कशी राहतात ते बघायचंय, पण आत्तापर्यंत पैकीच्या पैकी.

चहा. अट मोडली असं वर म्हटलं. नेहमीच्या डब्यात दुकानाची पावडर भरून ठेवली आणि कुणाला काही सांगितलं नाही. रंग पहिल्या उकळीला आला, अगदी लाल. पण दूध घातल्यावर चव गायब. आलं घाला, गवती चहा घाला, पावडर दीडपट घाला, दम येत नाही. दीडपट घातल्यावर बचत कसली? तिसऱ्या दिवशी नवरा नुसता म्हणाला, "डबा बदललाय का गं?" डबा तोच होता. उरलेली पावडर गुलाबाला घातली. चहाच्या बाबतीत माझं मत बदलणार नाही, ए असो की सी.

एक गोष्ट हिशेबी लोकांसाठी. पाकिटावर आता छापील किमतीखाली एकक किंमत असते, म्हणजे एका ग्रॅमला किती. कल्पना चांगली, पण किलोच्या आतल्या पाकिटाला ती ग्रॅममध्ये छापतात आणि दशांश दोनच घेतात. समजा अर्धा किलोचं एक पाकीट ३८ रुपयांना आहे आणि दुसरं ४२ ला. पहिलं ग्रॅमला साडेसात पैशांच्या जरा वर, दुसरं साडेआठच्या जरा खाली. छापताना दोन्हींवर ०.०८ रुपये. चार रुपयांचा फरक गडप! दुकानाचा ब्रँड स्वस्त आहे का हे बघायला मी आधी याच आकड्यावर भिस्त ठेवत होते. आता मोबाइलवर स्वतः भागाकार करते. तेलाच्या पिशवीवर लिटर न बघता ग्रॅम बघा, एवढंही सांगून ठेवते, कारण लिटरभर सोयाबीन तेल साधारण ९१० ग्रॅम भरतं आणि हल्ली शेजारी शेजारी ठेवलेल्या पिशव्यांची वजनं एकसारखी असतीलच असं नाही.

तर आता मी काय घेते? साबण, मोहरी-जिरं, साबुदाणा, बारीक रवा, फरशीचं द्रव्य दुकानाचं. डाळ वाण्याकडची. चहा, केचप, फॉइल पूर्वीचंच. पोहे दुकानाचेच, पण पाकीट उलटं करून ए दिसलं तरच. जुना माल पुढे लावायची त्यांची पद्धत, त्यामुळे कधी कधी मागच्या रांगेत हात घालावा लागतो आणि तो काउंटरवरचा मुलगा लांबून बघत असतो. त्याला एकदा अक्षरांची भानगड समजावून सांगितली. तो म्हणाला, "ताई, आम्हालाच माहीत नव्हतं." मग त्याने स्वतः आत जाऊन मला दोन ए आणून दिले. मॅनेजरशी अजून बोलत नाही.

पाकिटावर नाव-पत्ता छापलेला असतो त्या ग्राहक सेवेला झिपबद्दल सविस्तर ईमेल केला होता, खाचेचा फोटो जोडून, पट्टीने मोजून. उत्तर आलं की आपल्या सूचनेची नोंद घेतली आहे. गणपतीच्या आधी मोदकांच्या सामानाबरोबर रवा आणला तर खाच झिपच्या वर गेलेली! पाकीट नीट फाटलं, झिप लागली, मी ती उघडझाप करून घरात सगळ्यांना दाखवली. बेसनाच्या पाकिटावर अजून खालीच आहे. दुसरा ईमेल आज पाठवला.