लसीचं पुस्तक बघून पिल्लू घेऊ नका

वस्तीवर राखणीला कुत्रं हवं म्हणून सध्या आमच्या भागात जो तो फोनवर जाहिराती बघतोय. विकणारे सगळ्यात आधी दाखवतात ते लसीकरणाचं छोटं पुस्तक. आत लसीच्या बाटलीवरची स्टिकरं चिकटवलेली, शेजारी तारखा, खाली डॉक्टरचा शिक्का. ते बघितलं की माणसाचा निम्मा संशय तिथेच मिटतो. आमच्या घरी आलेलं पुस्तक खोटं निघालं. पैसे तर गेलेच, पण घरातली लहान मुलं धोक्यात आली. म्हणून सविस्तर लिहितेय.

आम्ही अकोले तालुक्यात राहतो, गावापासून लांब, उसाला लागून. घरात सासू-सासरे, आम्ही दोघं, आमची दोन मुलं आणि दिराची मुलगी. मागच्या उन्हाळ्यात प्रवरेकाठच्या विहिरींवरून मोटारीच्या केबली कापून नेल्या, त्यात आमचीही गेली. आतलं तांबं विकायचं आणि वरचं प्लास्टिक तिथेच ओढ्यात जाळायचं, ही चोरांची पद्धत. पाठोपाठ शेजारच्या वस्तीवरून शेळ्या गेल्या. आमची जुनी कुत्री त्याआधीच बिबट्याने नेली होती. त्यामुळे सासऱ्यांनी, म्हणजे अण्णांनी, ठरवलं की आता गावठी नको, अल्सेशन, म्हणजे जर्मन शेफर्ड, आणायचं.

ज्या माणसाची जाहिरात होती तो बोलायला इतका मऊ की विचारू नका. अण्णांना मालक, मला ताई. अंगण केवढं, कुंपण आहे का, घरात लहान मुलं आहेत का, हे त्यानेच आपणहून विचारलं. मग सांगितलं, "जर्मन शेफर्डचा बच्चा आहे, डबल कोट, हेवी बोन. आई-बाप दोन्ही पेपरवाले. अडीच महिन्यांचा झालाय, दोन डोस झालेत, रेबीजचं पण झालंय. हा मोठा झाला ना मालक, बिबट्या तुमच्या बांधाला पाय लावणार नाही." डबल कोट म्हणजे दाट दुहेरी केस, हेवी बोन म्हणजे जाड हाडं. किंमत 16,000 आणि केनेल क्लबचे पेपर, म्हणजे जातीच्या नोंदीचे कागद, हवे असतील तर 3,000 वेगळे, ते नंतर कुरिअरने येणार.

आम्ही म्हटलं, तुमच्याकडे येऊन आई बघतो. त्यावर त्याने दिलेलं कारण नीट लक्षात ठेवा, कारण हे कारण बरेच जण देतात असं मला नंतर कळलं. तो म्हणाला, "ताई, सध्या पार्व्हो चालू आहे. बाहेरच्या माणसाच्या चपलेतून येतो. मी कुणालाच केनेलमध्ये घेत नाही, माझ्या लेकरांची काळजी आहे." ऐकायला किती जबाबदारीचं वाटतं! आणि पार्व्हो, म्हणजे पिल्लांना होणारा उलट्या-जुलाबांचा जीवघेणा आजार, चपलांतून येतो हे खरंच आहे. खऱ्या गोष्टीच्या आड त्याने आपलं ठिकाण लपवलं. आईचा व्हिडिओ पाठवला, त्यात एक देखणी कुत्री हिरवळीवर पळत होती. ती कुणाची होती, देव जाणे.

पिल्लू हायवेवरच्या एका ढाब्यासमोर हातात दिलं. माझा नवरा आणि अण्णा गेले होते. पैसे फोनवरून दिले तर समोर नाव भलत्याच बाईचं आलं. "बायकोचं खातं आहे," म्हणाला. पुस्तक दिलं, पिल्लाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि गाडीत बसून गेला.

पिल्लू घरी आल्यापासून पेंगुळलेलं होतं. प्रवासाने असेल म्हणून आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, कोमट दूध-भाकरी चुरून दिली, तर ते नुसतं चाटायचं. आठवडा व्हायच्या आत उलट्या सुरू झाल्या, आधी पांढरा फेस, मग पिवळं पाणी. दुसऱ्या दिवशी सकाळी पोत्यावर रक्ताचे जुलाब. तो वास एकदा नाकात बसला की जात नाही. पिल्लाला टोपलीत घालून तालुक्याच्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी आधी तोंड उघडलं. बोटाने खालची हिरडी दाबून मला म्हणाले, "वहिनी, हे बघा. पुढचे दात आलेत, सुळे आलेत, पण दाढा आत्ता कुठे हिरडी फोडतायत. दोन महिन्यांच्या पिल्लाला दुधाचे सगळे, अठ्ठावीसच्या अठ्ठावीस दात असतात. हे पाच आठवड्यांच्या पुढचं नाही." मी पुस्तक पुढे केलं. त्यांनी पहिल्या डोसच्या तारखेवर बोट ठेवलं. त्या तारखेला हे पिल्लू जन्मलेलं नसणार, आणि जन्मलं असलंच तर डोळेसुद्धा उघडले नसणार.

मग त्यांनी पुस्तक खिडकीशी धरून एकेक पान दाखवलं. स्टिकरचा कोपरा नखाने उचलला तर खाली आधीच्या स्टिकरचा फाटका कागद चिकटलेला, म्हणजे दुसऱ्या कुठल्या तरी पुस्तकातून सोलून इथे लावलेलं. वेगवेगळ्या तारखा, पण अक्षर एक, पेन एक, शाईसुद्धा सारखीच ताजी. शिक्क्यात डॉक्टरचं नाव होतं, पदवी होती, पण पशुवैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक कुठेच नाही. सगळ्यात शेवटी रेबीजच्या लशीचं स्टिकर. ती लस साधारण तीन महिन्यांनंतर देतात. म्हणजे पिल्लू खरंच अडीच महिन्यांचं असतं, तरी हे पान खोटंच ठरलं असतं.

विष्ठेची तपासणी लगेच केली. छोट्या किटवर दोन रेषा उमटल्या. पार्व्हो. या विषाणूवर थेट मारा करणारं औषध सहसा मिळत नाही. सलाईन लावायचं, उलटी थांबवायची, दुसरा संसर्ग होऊ नये म्हणून इंजेक्शनं द्यायची आणि पिल्लाचं शरीर टिकतंय का बघायचं. लागण झाल्यापासून साधारण तीन ते सात दिवसांत लक्षणं दिसतात, त्यामुळे ते बहुतेक आजार घेऊनच आलं होतं. इतकं लहान, आईच्या दुधावरून ओढून काढलेलं पिल्लू, ते कशाच्या जोरावर झुंजणार? ते गेलं. दिराच्या मुलीने त्याला नावही ठेवलं होतं.

फसवणुकीचा पहिला भाग इथे संपला. दुसरा भाग मला जास्त संताप आणणारा वाटतो.

त्या माणसाला फोन केला तर तो चिडला नाही, उलट हळहळला. "तुमच्याकडे दूध पाजलं असेल, त्याने झालं. पण मी माणुसकी सोडणार नाही. दुसरा बच्चा अर्ध्या पैशात देतो, परवाच घेऊन जा." अण्णा तयार होत होते. डॉक्टरांनी अडवलं. पार्व्होचा विषाणू जमिनीत, पोत्यात, भांड्यात कित्येक महिने जिवंत राहतो. शेणाने सारवलं, फिनाईल टाकलं, तरी मरत नाही. फरशी ब्लीचने धुता येते, मातीच्या अंगणाचं काय करणार? तिथे लस न झालेलं दुसरं पिल्लू आणणं म्हणजे त्याला मारायलाच आणणं. कुत्र्यांचा धंदा करणाऱ्याला हे ठाऊक नसेल, यावर माझा विश्वास नाही. एका आजारी वेताची पिल्लं मरायच्या आत खपवायची आणि मेलेल्या पिल्लाच्या नावावर दुसरं विकायचं, असा हा हिशेब आहे. नाही म्हटल्यावर फोन बंद झाला, तो आजतागायत बंदच आहे. पेपरचे 3,000 तर कधीच गेले.

आता रेबीजच्या त्या खोट्या स्टिकरबद्दल, कारण घरात लहान मुलं असणाऱ्यांनी हे वाचायलाच हवं. पिल्लू खेळता खेळता दात लावतं, ओरखडे काढतं. आमच्या धाकट्याच्या मनगटावर त्याचा दात लागून रक्त आलं होतं. पुस्तकात लस झालेली, म्हणून घरात सगळे निर्धास्त. खरी गोष्ट कळल्यावर आम्ही त्याला ग्रामीण रुग्णालयात नेलं आणि पूर्ण कोर्स दिला. रेबीज एकदा झाला की माणूस वाचत नाही, म्हणून दात लागला की जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि लगेच दवाखाना गाठायचा. विक्रेत्याने दिलेल्या पुस्तकाच्या भरवशावर थांबायचं नाही. पैशाची फसवणूक एक वेळ सोसता येते, पण जो माणूस रेबीजचं खोटं स्टिकर लावतो तो मुलांच्या जिवाशी खेळतो.

कायदा या बाबतीत आहे, आणि तो बराच स्पष्ट आहे. कुत्र्यांची पैदास आणि विक्री यासाठी केंद्राचे 2017 चे नियम आहेत. ब्रीडरने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायला हवी, आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकताच येत नाही. त्यामुळे पहिल्याच फोनला नोंदणीचा दाखला मागा. जो दाखवत नाही त्याच्याशी पुढचं बोलणं नकोच. पिल्लाची आई समोर उभी असलेली बघा, व्हिडिओत नको. आईच्या आचळांवरून, अंगावरून, ती परक्या माणसाशी कशी वागते त्यावरून निम्मं कळतं. 'डबल कोट, हेवी बोन' या शब्दांना महिन्याच्या पिल्लाच्या बाबतीत फारसा अर्थ नाही. त्या वयात सगळीच गुबगुबीत दिसतात, आणि शेफर्डचे कानही चार-पाच महिन्यांपर्यंत पडलेले असू शकतात. शक्य असेल तर पैसे देण्याआधी पिल्लू तुमच्या ओळखीच्या डॉक्टरांना दाखवा, ते दात बघून वय सांगतील. खरा विकणारा याला नाही म्हणत नाही.

बिबट्याची बढाई तर कुणीही खरी मानू नये. आमच्याच अकोले तालुक्यात विद्या अत्रेया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेवरून त्याच्या आहाराचा अभ्यास केला, तो 2014 साली प्रसिद्ध झाला. बिबट्याने खाल्लेल्या भक्ष्याच्या वजनात 39 टक्के वाटा पाळीव-भटक्या कुत्र्यांचा होता, शेळ्यांपेक्षाही जास्त. म्हणजे उसाच्या पट्ट्यात कुत्रं हे बिबट्याचं मुख्य खाणं आहे. शेफर्ड असो नाहीतर डाबरमन, रात्री अंगणात साखळीला बांधलेलं कुत्रं त्याला आयतंच सापडतं. राखणीच्या कुत्र्याचं काम भुंकून आपल्याला उठवणं, एवढंच. रात्री त्याला जाळीच्या बंद खोलीत किंवा पडवीत ठेवायचं, तिथूनही ते पुरेसं भुंकतं. गळ्यात खिळ्यांचा पट्टा घालणारे शेतकरी आहेत, पण भिस्त दारावर ठेवावी, पट्ट्यावर नको.

आणखी एक जण मध्यंतरी मुधोळचं पिल्लू सांगून गेला, "मिलिटरीवाले घेतात" म्हणून. सैन्याने 2016 मध्ये मुधोळची पिल्लं मेरठच्या केंद्रात प्रशिक्षणाला नेली हे खरं आहे. पण ते मुळात नजरेने शिकार हेरून पाठलाग करणारं शिकारी कुत्रं. त्याला पळायला रान लागतं. गोठ्याजवळ बांधून ठेवण्यासाठी ते घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. उलट शेजारच्या वस्तीवर जी कुत्री रात्री खणखणीत भुंकते, घरच्या पोरांना अंगावर खेळवते, तिचं दोन महिन्यांचं पिल्लू मागून आणा, लसी आपल्या डॉक्टरांसमोर टोचून घ्या. 16,000 रुपयांत त्याचं कित्येक वर्षांचं भागेल.

आम्ही सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, पोलीस ठाण्यात अर्ज दिला, आणि ग्राहक आयोगात जाण्याची तयारी चालू आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही, तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. एकाच विक्रेत्याने अनेकांना फसवलं असेल तर आयोगाच्या परवानगीने सगळ्यांची मिळून एक तक्रार करता येते. संगमनेर, अकोले, सिन्नर भागात कुणाला हायवेवर असं पिल्लू दिलं गेलं असेल तर ते पुस्तक फेकू नका, स्टिकरं सोलू नका. पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट, ज्या खात्यावर गेले ते नाव, फोनवरचं सगळं संभाषण आणि डॉक्टरांचा केसपेपर एकत्र ठेवा आणि आपापल्या पोलीस ठाण्यात लेखी अर्ज देऊन पोच घ्या. असे दोन-चार अर्ज एकाच फोन नंबरवर निघाले तर त्या माणसाला नुसता फोन बंद करून सुटता येणार नाही.