सेल लाइन मागवावी की प्रायमरी करावी? चेतापेशी आणि स्नायुपेशी वाढवणाऱ्यांसाठी

पीएचडीच्या पहिल्या वर्षी गाईड जाताजाता म्हणतात, "हे जरा कल्चरमध्येही (शरीराबाहेर वाढवलेल्या पेशींत) दाखव." त्यांचं वाक्य संपतं, तुमचं काम सुरू होतं. पेशी कुठल्या घ्यायच्या? लाइन, म्हणजे फ्लास्कमध्ये विभाजित होत राहणाऱ्या तयार पेशी, मागवायची, की प्राण्याच्या ऊतीतून स्वतः पेशी काढायच्या, म्हणजे प्रायमरी करायची?

टिश्यू कल्चरच्या खोलीत मी बरीच वर्षं काढली. चेतापेशी वाढवल्या, स्नायुपेशी वाढवल्या, आणि दोन्ही भरपूर मारल्याही. माझं मत आधीच सांगून टाकते: स्नायूंसाठी बहुतेक वेळा लाइन पुरते, चेतापेशींसाठी बहुतेक वेळा पुरत नाही. ३७ अंश आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइडवर एकाच इन्क्युबेटरमध्ये शेजारीशेजारी वाढत असल्या, तरी या दोघींना एक न्याय लावता येत नाही.

कारण त्यांच्या स्वभावात आहे. स्नायुतंतूच्या कडेला सॅटेलाइट पेशी चिकटून असतात. अलेक्झांडर मौरो यांनी १९६१मध्ये त्यांचं वर्णन केलं. स्नायूला इजा झाली की या पेशी जाग्या होतात, विभाजित होत राहतात, मग एकमेकींत विलीन होऊन नवा तंतू घडवतात. आधी वाढायचं आणि मग थांबून एकत्र यायचं, हे त्यांचं शरीरातलंच वागणं आहे, त्यामुळे फ्लास्कमध्ये त्या वाढल्या तर नवल नाही. पक्व चेतापेशी मात्र विभाजित होतच नाही. फ्लास्कमध्ये दर दोनतीन दिवसांनी दुप्पट होणारी "चेतापेशी" दिसली, तर ती कुठल्या तरी गाठीतून आलेली आहे असंच धरून चाला.

आधी स्नायू, कारण तिथे निर्णय सोपा आहे.

सी२सी१२ ही उंदराच्या मांडीच्या स्नायूतून आलेली लाइन. मूळ लाइन याफे आणि सॅक्सेल यांनी १९७७मध्ये प्रसिद्ध केली. त्यांनी स्नायूला मुद्दाम इजा करून जाग्या झालेल्या पेशी घेतल्या होत्या. जास्त ग्लुकोजच्या डीएमईएम या मीडियात (पेशींच्या पोषणद्रवात) १० टक्के एफबीएस, म्हणजे गाईच्या भ्रूणाचं सीरम, घालून त्या वाढवायच्या आणि प्लेट भरत आली की ते सीरम काढून २ टक्के हॉर्स सीरम (घोड्याचं) द्यायचं. चारपाच दिवसांत लांबट, अनेक केंद्रकांच्या मायोट्यूब (विलीन झालेल्या पेशींच्या नळ्या) दिसू लागतात. मायोडी, मायोजेनिन, मग मायोसिन हेवी चेन, हा स्नायूच्या प्रथिनांचा क्रम वेस्टर्न ब्लॉटवर (प्रथिनं ओळखायच्या चाचणीत) इतका स्वच्छ दिसतो की पहिल्यांदा पाहताना आपणच हुशार असल्यासारखं वाटतं.

या लाइनचा एकच हट्ट आहे, पण तो पाळावाच लागतो: वाढवत असताना फ्लास्क भरू द्यायचा नाही. ७० टक्क्यांच्या आसपास पॅसेज करायचंच, म्हणजे पेशी सोडवून नव्या फ्लास्कमध्ये विरळ लावायच्या. भरलेल्या फ्लास्कमध्ये चांगल्या मायोब्लास्ट (स्नायू घडवणाऱ्या, अजून विलीन न झालेल्या पेशी) विलीन होऊन संपतात आणि विलीन न होणाऱ्या मागे उरतात. असं दोनचार वेळा झालं की लाइन दिसायला तीच, पण मायोट्यूब काही बनत नाहीत. गणपतीच्या सुट्टीला जाताना मी फ्लास्क अर्ध्याहून जास्त भरलेला ठेवून गेले होते. परत आले तेव्हा तळाला मायोट्यूबची चटई पसरली होती, आणि त्या वेळी मला हव्या होत्या मायोब्लास्ट.

मधुमेह, इन्सुलिन, ग्लुकोज शोषण असा विषय असेल तर सी२सी१२च्या मागे लागू नका. तिच्यात ग्लुट४ (इन्सुलिनच्या इशाऱ्यावर ग्लुकोज आत घेणारं प्रथिन) कमी असतं आणि इन्सुलिनला ती थंडा प्रतिसाद देते. तिथे एल६ घ्या. ही उंदराची नव्हे, रॅटची लाइन. याफे यांनीच १९६८मध्ये ती दिली. (मराठीत माऊस आणि रॅट दोन्ही उंदीरच, त्यामुळे प्रबंधात घोळ होतो. अँटिबॉडी मागवताना तर नक्कीच होतो.) आणि हृदयाच्या स्नायूसाठी कुणी एच९सी२ सुचवली, तर ती रॅटच्या भ्रूणाच्या हृदयातून आलेली असली तरी ठोके देत नाही, हे लक्षात ठेवूनच हो म्हणा.

मग स्नायूची प्रायमरी कधी करायची? म्हाताऱ्या प्राण्याचा स्नायू, एखादं जनुक काढून टाकलेला उंदीर, डिस्ट्रॉफी, थोडक्यात प्रश्न त्या विशिष्ट प्राण्याचाच असेल तेव्हा. लाइनला वय नसतं. प्रायमरीमध्ये स्नायू बारीक चिरून कोलॅजिनेज या विकराने सोडवायचा आणि मग फायब्रोब्लास्टशी (सोबत येणाऱ्या संयोजी ऊतीच्या पेशींशी) झगडायचं. त्या आगंतुक पाहुण्यांना बाहेर काढायची युक्ती जुनीच आहे, प्री-प्लेटिंग: सगळ्या पेशी कोटिंग नसलेल्या डिशमध्ये तासभर ठेवायच्या. फायब्रोब्लास्ट आधी चिकटतात, मायोब्लास्ट तरंगत राहतात. वरचं द्रव काढून दुसऱ्या, कोलॅजन लावलेल्या डिशमध्ये घालायचं. एकदा करून भागत नाही. शेवटी पॅक्स७ किंवा डेस्मिन या स्नायुपेशींच्या खुणेच्या प्रथिनांचं स्टेनिंग करून पेशी मोजा; "बऱ्याचशा मायोब्लास्ट आहेत" असं परीक्षकाला सांगता येत नाही.

आता चेतापेशी. इथे लाइन मागवण्याचा मोह मोठा आणि फसगतही मोठी.

एसएच-एसवाय५वाय ही आपल्याकडे सगळ्यांत जास्त वापरली जाणारी. मूळ एसके-एन-एसएच ही लाइन न्यूरोब्लास्टोमा (चेतापेशींच्या पूर्वज पेशींचा कर्करोग) झालेल्या चार वर्षांच्या मुलीच्या अस्थिमज्जेतून आली. तिच्यातून तीन वेळा क्लोन करून ही मिळवली. माणसाची आहे, स्वस्त आहे, भराभर वाढते. १० मायक्रोमोलर रेटिनॉइक ॲसिड (पेशींना पक्व व्हायला लावणारं द्रव्य) देऊन सीरम कमी केलं की आठवड्याभरात लांब तंतू काढते. पार्किन्सनच्या कामात तिचं नाव हटकून येतं. पण रेटिनॉइक ॲसिड दिलेल्या पेशी आणि न दिलेल्या पेशी विषारी द्रव्यांना वेगवेगळा प्रतिसाद देतात, आणि कित्येक जण न दिलेल्याच वापरतात. ब्राह्मी किंवा अश्वगंधेचा अर्क घालायचा, एमटीटी (किती पेशी जिवंत आहेत हे रंगावरून सांगणारी चाचणी) करायची, पेशी जास्त जगल्या म्हणून "चेतासंरक्षक" असा निष्कर्ष काढायचा. जगल्या त्या न्यूरोब्लास्टोमाच्या विभाजित होणाऱ्या पेशी! शिवाय वनस्पतींच्या अर्कातली पॉलिफिनॉल्स पेशींशिवायही एमटीटीचा रंग आणू शकतात. फक्त अर्क आणि एमटीटी असा पेशी नसलेला एक वेल (प्लेटमधला खळगा) ठेवा. अशा प्रबंधात मी तो सर्वांत आधी शोधते.

पीसी१२ जरा अधिक प्रामाणिक आहे. रॅटच्या अधिवृक्क ग्रंथीच्या गाठीतून ग्रीन आणि टिश्लर यांनी १९७६मध्ये ही लाइन आणली. नर्व्ह ग्रोथ फॅक्टर, म्हणजे एनजीएफ, दिला की विभाजन थांबवून तंतू काढते. एनजीएफचे सिग्नल, तंतूंची वाढ, डोपामिनचं स्रवण असे प्रश्न असतील तर ती चांगलीच. कोलॅजनचं कोटिंग मात्र हवं, नाहीतर गोळे होऊन तरंगत बसते.

पण प्रश्न सिनॅप्सचा (चेतापेशींमधल्या जोडांचा) असेल, अॅक्सॉन आणि डेंड्राइट (संदेश पाठवणारा आणि घेणारे तंतू) वेगळे दिसायला हवे असतील, विद्युत संकेत नोंदवायचे असतील, तर प्रायमरीला पर्याय नाही. रूढ पद्धत म्हणजे रॅटचे १८ दिवसांचे भ्रूण आणि त्यांचा हिप्पोकॅम्पस (मेंदूचा एक भाग). पॉली-डी-लायसिन लावलेल्या काचेवर, न्यूरोबेसल हा मीडिया आणि बी२७ हे पूरक यांच्यात, सीरमशिवाय. पॉली-डी-लायसिन नीट धुतलं नाही तर उरलेलं तेच पेशी मारतं. पेशी कमी दाटीत टाकल्या तर एकाकी पडून मरतात. आणि मीडिया कधीही पूर्ण बदलायचा नाही, तीनचार दिवसांनी अर्धाच. जुन्या मीडियात पेशींनी स्वतः सोडलेले घटक असतात, त्यांच्यावर त्या जगत असतात. मी एकदा दहाव्या दिवशी उत्साहाने सगळा बदलला. अकराव्या दिवशी काही उरलं नव्हतं. चांगले सिनॅप्स दिसायला १४ ते २१ दिवस लागतात, म्हणजे एक चूक झाली की तीन आठवडे गेले. आणि या पेशी पॅसेज करता येत नाहीत. दर प्रयोगाला नवी मादी, नवे भ्रूण, संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची परवानगी.

ॲनिमल हाउस नसलेल्या महाविद्यालयांकडून एक वाट नेहमी विसरली जाते: कोंबडीचं अंडं. हॅचरीतून फलित अंडी आणायची (दुकानातल्या अंड्यांतून काही निघत नाही), आठदहा दिवस उबवायची, आणि पाठीच्या कण्याजवळची चेतागंडं (चेतापेशींचे पुंजके) काढायची. एनजीएफ दिला की दुसऱ्याच दिवशी गंडाभोवती तंतूंचं वलय दिसतं. रीटा लेव्ही-मोंताल्चिनी यांनी १९५०च्या दशकात रिओ दि जानेरोत असंच वलय पाहिलं आणि त्यातून पुढे १९८६चं नोबेल आलं. त्याआधी युद्धकाळात तुरीनमध्ये घरच्या खोलीत अंडी उबवून त्यांनी काम केलं होतं, त्यामुळे साधनं नाहीत ही तक्रार निदान या प्रयोगासाठी मी ऐकून घेत नाही. अकराबारा दिवसांच्या भ्रूणाच्या छातीतून मायोब्लास्टही छान मिळतात. अडचण एवढीच, की कोंबडीच्या प्रथिनांना लागू पडणाऱ्या अँटिबॉडी कमी. आणि परवानगी लागते का, हे आपल्या समितीला आधीच लेखी विचारा.

आयपीएस पेशींपासून (साध्या पेशी मूळपेशींसारख्या करून मिळवलेल्या पेशींपासून) बनवलेल्या मानवी चेतापेशींचा प्रश्न हमखास येतो. रुग्णाचंच उत्परिवर्तन तपासायचं असेल तर त्या अतुलनीय. पण रविवारीही मीडिया बदलायला येणारं माणूस, महागडे घटक आणि अनेक आठवड्यांचा धीर लागतो. एकट्या विद्यार्थ्याने तीन वर्षांच्या फेलोशिपवर हे सुरू करू नये. प्रयोगशाळेत आधीपासून कुणी करत असेल तर गोष्ट वेगळी.

आता खर्च आणि वेळेचं. लाइन एकदा आली की वर्षानुवर्षं पुरते. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या भांडारातून मागवता येते. मित्राच्या लॅबमधून डब्यात घालून आणलेली लाइन फुकट पडते खरी, पण तिचा पॅसेज नंबर (आतापर्यंत किती वेळा पॅसेज झालं तो आकडा) कुणालाच ठाऊक नसतो आणि सोबत मायकोप्लाझ्मा (एक अतिसूक्ष्म जिवाणू) येण्याची शक्यता असते. मायकोप्लाझ्मा डोळ्यांना दिसत नाही, मीडिया गढूळ करत नाही, फक्त तुमचे निकाल बदलतो. प्रायमरीत मायकोप्लाझ्माची भीती कमी, पण मादी गाभण राहिली नाही की आठवडा वाया.

मला कुणी आत्ता विचारलं तर असं सांगेन. स्नायू घडण्याचा किंवा झिजण्याचा विषय असेल तर सी२सी१२, साखरेचा असेल तर एल६, आणि शेवटचा एक प्रयोग प्रायमरीवर. चेतापेशींचा विषय असेल तर चाचणी, डोस, वेळ हे सगळं लाइनवर बसवून घ्या. पण ज्या आकृतीवर प्रबंधाचा दावा उभा आहे, ती प्रायमरीतूनच काढा, हिप्पोकॅम्पसची नाही तर निदान कोंबडीच्या चेतागंडाची. आणि लाइन आली की पहिलं काम प्रयोगाचं नाही: मायकोप्लाझ्माची पीसीआर (डीएनए शोधायची चाचणी) करायची, दोनतीन पॅसेजमध्ये दहाबारा व्हायल (छोट्या कुप्या) १० टक्के डीएमएसओमध्ये (गोठताना पेशी वाचवणाऱ्या द्रवात) गोठवायच्या, प्रत्येकीवर पॅसेज नंबर पेन्सिलने लिहायचा. मार्करची शाई इथेनॉलने पुसली जाते.