द्राक्षं तोडायला जायचंय, पण वायनरीत, दिंडोरीला की नारायणगावला?

फेब्रुवारी लागला की हा प्रश्न ठरलेला. माझं एकच म्हणणं, आधी ठरवा की द्राक्षं खायचीत की फिरायचंय, कारण या दोन्हीच्या जागा वेगळ्या आहेत.

वायनरी म्हणजे नाशिकजवळ सुला, सोमा वगैरे. बसायला मस्त जागा, धरणाचा व्ह्यू, जेवण चांगलं, टूर आणि टेस्टिंग, सीझनमध्ये काही ठिकाणी टबात उतरून द्राक्षं तुडवायला पण मिळतात. पण तिथली द्राक्षं वाईनची, शिराझ, शेनिन ब्लांक असली, मणी बारीक, साल जाड आणि आत बी. गोडीला कमी नसतात, उलट पिकल्यावर खायच्या द्राक्षांपेक्षा गोडच असतात, पण मूठभर खाल्ली की बिया थुंकून कंटाळा येतो. आणि हवे तेवढे घड तोडा असं कुणी म्हणत नाही, तो त्यांचा कच्चा माल आहे. शनिवार-रविवारी गर्दी एवढी की टेबलासाठी थांबावं लागतं. मित्रांचा ग्रुप असेल तर हेच बरं, आजी-आजोबा आणि लहान पोरं असतील तर मी नाही नेणार.

खायचीच असतील तर दिंडोरी, निफाड, पिंपळगाव बसवंत या पट्ट्यात ओळखीच्या शेतकऱ्याचा मळा गाठा. तिथं बिनबियांच्या जाती मिळतात, हिरव्यात थॉमसन, सोनाका, काळ्यात शरद सीडलेस (ही आपल्या सोलापूरच्या नान्नजची, द्राक्ष बागायतदार नानासाहेब काळे यांची देणगी). फक्त एक्सपोर्टच्या प्लॉटमध्ये शिरायचा हट्ट धरू नका, तिथं घडांना कागद गुंडाळलेला असतो, मण्यावरचा पांढुरका थर बोटानं पुसला गेला तरी मालाचा भाव उतरतो, त्यामुळे शेतकरी तोंडावर हो म्हणाला तरी मनातून वैतागलेला असतो. लोकल मार्केटचा प्लॉट विचारा. घड ओढायचा नाही, देठाला धरून कात्रीनं कापायचा. हिरवागार घड सोडा आणि किंचित पिवळसर, उन्हात धरला की आरपार दिसेल असा निवडा, कारण द्राक्ष तोडल्यावर घरी ठेवून आणखी गोड होत नाही, आंब्यासारखं नाही ते. आणि शेवटची फवारणी कधी झाली हे न लाजता विचारायचं, चांगला शेतकरी तारीख सांगतो. तोट्याचं म्हणाल तर तिथं ना टॉयलेटची खात्री ना हॉटेल, मांडवाखाली वाकून चालायचं, आणि ओळख नसेल तर आत घेतीलच असं नाही.

पुणेकरांनी मात्र नाशिकचा नाद सोडावा असं माझं मत. नाशिक दोनशे किलोमीटरच्या वर, नारायणगाव पाऊणशेच्या आसपास, सकाळी निघून संध्याकाळी घरी. जुन्नर तालुक्यात काळी जंबो द्राक्षं भारी मिळतात, मोठा मणी, दाताखाली कचकन फुटणारा. कृषी पर्यटनवालेही बरेच आहेत, म्हणजे ओळख लागत नाही, पिठलं-भाकरी आणि बागेतली चक्कर एकत्र होते. जोडीला लेण्याद्री, ओझर किंवा शिवनेरी उरकता येतं. फक्त शिवनेरी आणि बाग एकाच दिवशी करायची तर गड सकाळी, दुपारी उन्हात नको. मुंबईकरांना नाशिक आणि नारायणगाव अंतराला साधारण सारखंच पडतं, पण रस्ता नाशिकचा सरळ, त्यामुळे त्यांनी दिंडोरी करून परत येताना वायनरीत जेवायला थांबावं, दोन्ही होतं.

कधी जायचं तर फेब्रुवारी आणि मार्चचा पहिला पंधरवडा. ऑक्टोबर छाटणीचा माल तेव्हा तयार असतो, एप्रिलमध्ये ऊन आणि शिल्लक माल. निघायच्या आदल्या दिवशी फोन करा, अवकाळी पाऊस पडून गेला असेल तर मणी तडकतात आणि शेतकऱ्याला तेव्हा पाहुणे नको असतात. गाडीत दोन क्रेट टाका, पिशवीत भरलेली खालची द्राक्षं घरी येईपर्यंत चेपतात. घरी आल्यावर धुऊन फ्रीजमध्ये ठेवू नका, न धुता ठेवा आणि खाताना धुवा.