म्हातारी, ढवळी, बंडू आणि लोंब्या : देवगडात चौदा महिने

ससा घ्यायला गेलेला माणूस आधी केस बघतो, मग कान. आम्हीही तेच केलं. चौदा महिन्यांपूर्वी, नोव्हेंबरात, लेकीच्या हट्टापायी चार पिल्लं एका करंडीतून देवगडला आली. त्यातली तीन अजून पडवीत आहेत. घेताना मला जे कोणी सांगितलं नाही, ते लिहिते.

सगळ्यांत आधी मन गेलं म्हातारीवर. जात अंगोरा. वाऱ्यावर उडणाऱ्या म्हातारीसारखी पांढरी नि फुगीर, म्हणून हे नाव. शेजारच्या काकी बघून म्हणाल्या, "ह्यां काय गो, कापसाचो गोळो पाळलंस?" स्वभावाने इतकी गरीब की मांडीवर ठेवली तर तासभर हलायची नाही. पण हा ससा मूळचा तुर्कस्तानातल्या अंकाराकडचा. आपल्याकडे लोकरीसाठी पाळतात तेही हिमाचलात, कुल्लूच्या बाजूला. केस महिन्याला साधारण इंचभर वाढतात. आमच्या दमट हवेत दोन दिवस फणी चुकली की काखेत केसांच्या घट्ट गुंत्याचा नमदा तयार! तो कात्रीने काढताना हात थरथरतो, कारण सशाची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ असते. शिवाय अंग चाटताना केस पोटात जातात, आणि सशाला ओकता येत नाही. मार्च संपता संपता ती भर दुपारी चिऱ्याच्या जोत्याला पोट लावून पडू लागली, नाकपुड्या भराभर हलायच्या. सशाला आपल्यासारखा घाम येत नाही, अंगातली उष्णता मुख्यतः कानांवाटे जाते. आणि हिच्या अंगावर बारमाही रजई. एप्रिलात तिला बेळगावला नणंदेकडे पोचवली. रूपाला दहापैकी दहा, किनाऱ्यावर पाळायला शून्य.

ढवळीकडे येणारा-जाणारा वळूनही बघत नाही. न्यूझीलंड व्हाइट, नाव न्यूझीलंडचं, जात घडली अमेरिकेत. अंगाला आखूड पांढरे केस, कान उभे, डोळे लाल, वजन साडेचार किलो. ती एका जागी उभी राहून डोकं डावीकडून उजवीकडे झुलवायची, तेव्हा मला वाटलं मेंदूला काही झालं. तसं नव्हतं. लाल डोळ्यांच्या सशांना अंधूक दिसतं, अंतराचा अंदाज घ्यायला ते असं करतात. उचललेलं तिला खपत नाही, नखं ओढते. पण मी भाजी निवडायला बसले की येऊन पावलावर हनुवटी टेकणार. मे महिन्यात गोठवलेल्या पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून ठेवायचे. बंडू फडकं कुरतडायचा. ढवळी मात्र पहिल्या दिवसापासून बाटलीला पाठ लावून निजली. आणि पावसात एका रात्री तिने मागचा पाय जमिनीवर असा आपटायला घेतला की सगळी पडवी दणाणली. बॅटरी घेऊन गेले, तर वर वाशावर धामण.

बंडू डच जातीचा. कपाळावर पांढरा पट्टा, पुढचा धड पांढरा, कमरेपासून मागे काळा, मागच्या पायांत पांढरे मोजे. जात नावाने डच असली तरी घडली इंग्लंडात. वजन सव्वादोन किलो, अंगात भुतं. आनंद झाला की हवेतच कंबर फिरवून उडी मारतो. एका कोपऱ्यात मुतायला आठवड्यात शिकला, पण इंटरनेटची वायर तीनदा तोडली. लहान मुलं असलेल्या घरात खेळायला हाच.

विकणाऱ्याने मात्र ढवळी नि बंडू, दोन्ही माद्या म्हणून छातीठोकपणे दिल्या होत्या. लहानपणी ओळखणं कठीण, हे मान्य. पण मग छाती ठोकू नये. मिरग लागला त्या आठवड्यात ढवळी तोंडात गवत भरून फिरायला लागली, स्वतःच्या छातीचे केस उपटून कोपऱ्यात अंथरायला लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी केसांखाली सहा उघडी, डोळे मिटलेली पिल्लं वळवळत होती. बंडूला तासाभरात वेगळा केला, कारण मादी व्यायल्या दिवशीही पुन्हा गाभण राहू शकते आणि एकतीस दिवसांत परत तोच कारभार. काकी गाईच्या दुधात कापूस बुडवून पाजायला निघाल्या होत्या. थांबवलं. सशीण दिवसातून एकदा-दोनदा, तेही चार-पाच मिनिटंच पाजते. ती पिल्लांजवळ दिसत नाही म्हणजे तिने टाकलीत असं नाही. (आमच्या आंब्याच्या कलमांत दिसतो तो रानससा वेगळा. त्याची पिल्लं केसांसकट, उघड्या डोळ्यांनी जन्मतात. ती घरी आणू नका, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे.) बंडूचं ऑपरेशन गोव्याला नेऊन केलं, इथले डॉक्टर गुरांचे, सशाला भूल द्यायला तयार नव्हते.

लोंब्या हॉलंड लॉप म्हणून घेतला, म्हणजे लोंबत्या कानांची छोटी जात. "दीड किलोच्या वर जायचा नाही," असं सांगितलं होतं. आज दोन किलो सहाशे! म्हणजे भेसळच. फोटोत सगळ्यांत गोड हाच, आणि सगळ्यांत आळशी. पण पडलेल्या कानात हवा खेळत नाही. श्रावणात त्याच्या डाव्या कानाला आंबूस वास यायला लागला, आत तपकिरी मळ. तेव्हापासून दर रविवारी कान उचलून बघते नि तो दर रविवारी माझ्यावर रुसतो.

खाण्याचं थोडक्यात : मुख्य अन्न वाळलं गवत. टिमोथी नावाचं विलायती गवत मागवून परवडेना, म्हणून दिवाळीनंतर कापलेलं गवत माळ्यावर भरून ठेवते. बुरशीचा वास आला की ते आंब्याच्या बुंध्यात. पावसातलं ओलं गवत एकदम देऊ नका, पोट फुगतं. गाजर चकतीभर. गोचिडीसाठी कुत्र्याचा फिप्रोनिलचा स्प्रे मारू नका, ससा मरतो.

पिल्लांपैकी एक काकींना हवं होतं, पण ढवळीसारखं पांढरंच. सहांत एकही पांढरं नव्हतं. तो रंग दोन्हीकडून यावा लागतो, आणि बंडूकडे तो बहुतेक नसावा. शेवटी काकी काळा घेऊन गेल्या. त्याला हाक मारतात "ढवळो".