लेकी बोले, पण सुनेला लागेना: नोकरीचं गाऱ्हाणं नावानिशी की निनावी?

नोकरीबद्दल चारचौघांत बोलू नये, हा सल्ला तुम्हाला घरच्यांनी, मित्रांनी आणि बहुधा एचआरनेही देऊन झाला असेल. तो चुकीचा आहे असं मी म्हणत नाही. पण बोलायचंच असं ज्याचं ठरलंय, त्याच्यापुढे दोन रस्ते उरतात. एक, स्वतःच्या नावाने, फोटोसकट, लिंक्डइन किंवा फेसबुकवर लिहायचं. दुसरा, ग्लासडोर किंवा ब्लाइंडसारख्या, नोकरदार आपल्याच कंपनीबद्दल लिहितात अशा संकेतस्थळांवर निनावी लिहायचं. मी दोन्ही करून पाहिलंय, तेही एकाच नोकरीत, साधारण वर्षभराच्या अंतराने.

भीतीचं आधी उरकून घेऊ. नोकरी जाते का? जाते. हेदर आर्मस्ट्राँग या अमेरिकी ब्लॉगलेखिकेला २००२ मध्ये ऑफिसबद्दल लिहिल्यावरून काढून टाकलं, आणि तिच्या 'डूस' या ब्लॉगवरून 'डूस्ड' म्हणजे ब्लॉगपायी नोकरी गमावलेला, असा शब्दच इंग्रजीत रुळला. २००८ मध्ये व्हर्जिन अटलांटिकने आपल्या तेरा विमान कर्मचाऱ्यांना घरी पाठवलं. फेसबुकवर त्यांनी प्रवाशांची टर उडवली होती आणि विमानांच्या सुरक्षिततेवरही ताशेरे मारले होते. तेव्हा धोका खराच आहे. पण माझा अनुभव असा की बहुतेकांची नोकरी जात नाही. जे होतं ते जास्त कंटाळवाणं असतं, आणि त्याबद्दल आधी कोणी सांगत नाही.

आमच्याकडे शनिवारी रात्री नऊला साहेब 'पाचच मिनिटं' म्हणून कॉल लावायचे आणि तो साडेदहाला संपायचा. बरेच महिने सोसल्यावर एका रविवारी सकाळी मी लिंक्डइनवर आठ-दहा ओळी लिहिल्या. कंपनीचं नाव नाही, साहेबांचं नाही, शनिवारचा उल्लेखही नाही. 'काही लोकांना दुसऱ्याच्या वेळेची किंमत कधीच कळत नाही' अशी सुरुवात. ज्याला कळायचं त्याला कळेल, असा हिशेब. लेकी बोले सुने लागे, ही आपली जुनी युक्ती.

सोमवारी हिशेब विभागातले एक सज्जन माझ्या टेबलापाशी आले. "ते माझ्याबद्दल होतं का हो? परवा ते बिल मी दोनदा मागितलं म्हणून?" दुपारी टीममधल्या सगळ्यात नवीन मुलीचा मेसेज आला: सॉरी, यापुढे सहानंतर शंका विचारणार नाही. शेजारच्या टीमचे प्रमुख काही बोलले नाहीत, पण लिफ्टमध्ये भेटल्यावर मोबाइलमध्ये बघू लागले. त्यांना काय लागलं ते मला आजतागायत समजलेलं नाही. आणि साहेब? साहेबांनी पोस्ट लाइक केली होती. खाली लिहिलं होतं, 'अगदी खरं. वेळेचा आदर ही काळाची गरज आहे.' पुढच्या शनिवारी रात्री नऊ वाजून वीस मिनिटांनी, सगळ्यांसमोर, त्यांनी माझ्या लेखनाचं कौतुक केलं.

नावानिशी लिहिण्यातला माझ्या दृष्टीने हा सगळ्यात मोठा जाच. नाव घेतलं नाही की गावभर लागतं, फक्त सुनेला लागत नाही. ती नवी मुलगी पुढे दोन आठवडे मला साध्या शंकाही मेलवर विचारत होती, प्रत्येक मेलच्या शेवटी 'सवडीने उत्तर दिलंत तरी चालेल' असं जोडून. माझ्या रागाचं बिल तिच्या नावावर फाटलं.

मग नाव घ्यावं का? घेणारे घेतात. त्यावर माझं म्हणणं इतकंच की नाव घेतलं की तक्रार ऑफिसच्या पद्धतींबद्दल राहत नाही, एका माणसाबद्दल होते. आणि मग बदनामीचा कायदा, शिस्तभंगाचं पत्र, खाली 'बरोबर बोललास' लिहिणारे सहकारी, असं सगळं एकाच दोरीला बांधलं जातं.

तरी नावाचं वजन मी नाकारत नाही. सुझन फाउलर या इंजिनिअर बाईंनी १९ फेब्रुवारी २०१७ ला स्वतःच्या ब्लॉगवर, स्वतःच्या नावाने, उबरमधल्या एका वर्षाबद्दल लिहिलं. कंपनीला चौकशी लावावी लागली, आणि जूनमध्ये मुख्याधिकारी ट्रॅव्हिस कलानिक पायउतार झाले. त्याला इतरही कारणं होती, पण निनावी लिहिलं असतं तर एवढं घडलं असतं असं मला वाटत नाही. फक्त दोन गोष्टी विसरू नका. लिहिलं तेव्हा त्या ती नोकरी सोडून गेल्या होत्या. आणि विषय लैंगिक छळाचा होता, शनिवारच्या कॉलचा नव्हे. तुमचं गाऱ्हाणं त्या वजनाचं असेल तर माझा हा लेख बाजूला ठेवून वकील गाठा.

अमेरिकेतला एक बारकावा मला आवडतो. तिथल्या १९३५ च्या कामगार संबंध कायद्याच्या सातव्या कलमाने कामगारांना एकत्र येऊन कामाच्या अटींबद्दल बोलण्याचं संरक्षण दिलंय. २००९ मध्ये कनेटिकटमधल्या एका रुग्णवाहिका कंपनीत एका बाईंनी घरून फेसबुकवर वरिष्ठाला नावं ठेवली, खाली सहकारी सामील झाले, आणि बाईंची नोकरी गेली. तेव्हा २०१० मध्ये, हा कायदा राबवणाऱ्या कामगार मंडळाने कंपनीविरुद्धच तक्रार दाखल केली. प्रकरण पुढल्या वर्षी तडजोडीने मिटलं आणि कंपनीला आपले नियम सैल करावे लागले. म्हणजे संरक्षण आहे ते मिळून बोलण्याला. एकट्याने केलेल्या चिडचिडीला ते सहसा मिळत नाही. आणि माझी पोस्ट तर एकट्याने केलेली शुद्ध चिडचिड होती. (सगळीकडचे कायदे असे नाहीत, हे वेगळं सांगायला नको.)

आता निनावीकडे. हे मी नंतर केलं, आणि इथेही सगळं गोड नाही. ब्लाइंडवर खातं उघडायचं तर ऑफिसच्याच ईमेलवरून खात्री करून द्यावी लागते. २०१८ च्या शेवटी त्यांचा एक सर्व्हर बिनपासवर्डचा उघडा सापडला होता आणि काहींचे ईमेल पत्ते त्यात होते. ग्लासडोरला २०२२ मध्ये एका खेळणी कंपनीच्या प्रकरणात अमेरिकी न्यायालयाने लिहिणाऱ्यांची माहिती द्यायला सांगितलं. २०२४ मध्ये तिथल्या काही जणांच्या खात्याला न विचारता खरं नाव जोडलं गेल्याची ओरड झाली. म्हणजे 'निनावी' हा बुरखा आहे, भिंत नाही. खोटं लिहिणार असाल तर तो पुरेसा नाही. खरं आणि मोजकं लिहिणाऱ्याला, मला वाटतं, पुरतो.

खरा त्रास वेगळा. आमची टीम नऊ जणांची. ओळखू येऊ नये म्हणून तपशील काढायला लागलो, तर गाऱ्हाणंच उरेना. 'व्यवस्थापनात सुधारणेला वाव आहे' हे वाक्य कुठल्याही कंपनीला लागू पडतं आणि कोणालाच उपयोगी पडत नाही. माझ्या ईमेलमध्ये दर दुसऱ्या ओळीत 'तूर्तास' असतं, तो शब्द काढला. अप्रेझलनंतर लगेच लिहिलं तर कोण दुखावलंय हे शेंबडं पोरही सांगेल, म्हणून सहा आठवडे थांबलो. शेवटी एकच तपशील ठेवला: शनिवारी रात्रीचा कॉल, पाच मिनिटं सांगून दीड तास.

आणखी एक, जे मला आधी जाचक वाटलं होतं. ग्लासडोर नुसतं वाईट लिहू देत नाही, चांगलं काय तेही भरायला लावतं. तो रकाना रिकामा ठेवता येत नाही म्हणून मी बसून आठवलं. पगार एकदाही लांबला नव्हता. रजा कधी नाकारली नव्हती. घरात आजारपण होतं तेव्हा याच साहेबांनी माझं काम स्वतः उचललं होतं. हे सगळं लिहून झाल्यावर खालच्या रकान्यात लिहायला खरोखर एकच गोष्ट उरली. लिंक्डइनवर पहिल्या ओळीपासून टाळ्या मिळत होत्या, त्यामुळे तिथे हा हिशेब कधी मांडलाच नव्हता.

राहता राहिला तिसरा मार्ग, चार विश्वासू लोकांचा व्हॉट्सॲप ग्रुप. मन हलकं होतं, पण तीच वाफ तेच चौघे फिरवत बसतात. शिवाय स्क्रीनशॉट काढायला एकच अंगठा लागतो.

तेव्हा माझा कल कुठे आहे हे एव्हाना तुमच्या लक्षात आलं असेल. तुमचा स्वभाव वेगळा असू शकतो. मनातलं नावासकट बोलल्याशिवाय झोप न लागणारी माणसं मी पाहिली आहेत. पण पुढचं एवढं ऐका.

ते लिहून चारेक महिने झाले असतील. आमच्या टीममध्ये एक जागा निघाली. मुलाखतीला साहेब, एचआरच्या बाई आणि मी. उमेदवार मुलगी चांगली होती, तिघांनाही आवडली. शेवटी साहेबांनी नेहमीप्रमाणे विचारलं, "तुम्हाला काही विचारायचंय?" तिने वही उघडली. "शनिवारी रात्री कॉल असतात असं वाचलं. पाच मिनिटं म्हणतात आणि दीड तास चालतात. अजून असतात का?"

एचआरच्या बाई घाईने म्हणाल्या, असं लिहिणारे एक-दोन नाराज लोक सगळीकडेच असतात. मी माझ्या कोऱ्या कागदावर काहीतरी टिपून घेत होतो. साहेब मात्र गप्प झाले. एका अनोळखी मुलीने, तोंडावर, दिवस आणि वेळेसकट विचारलेला प्रश्न होता तो. "असतात कधीकधी," ते म्हणाले, आणि पेनाचं टोपण लावून पुन्हा काढलं. त्यानंतर कॉल शुक्रवारी दुपारी चारला आला. अजूनही पाच मिनिटांचा चाळीस होतो, पण चारला सुरू होतो.

मुलीने ऑफर नाकारली. दुसरं कोणी मिळेपर्यंत तीन महिने गेले, आणि तोवर त्या जागेचं काम माझ्याकडे होतं.